वाचकांचे प्रश्न : कमरेतून सुटलेले सैनिक आणि मोडलेल्या तलवारी

गेल्या काही महिन्यांत जुन्या प्लास्टिकच्या खेळण्यांविषयीची पत्रे बरीच साचल्याने या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रे नागपुरातून व आसपासच्या गावांतून आलेली असून त्यांतली खेळणी साधारण एकाच पिढीची आहेत. हास्ब्रो या अमेरिकी कंपनीने १९८२ मध्ये पावणेचार इंच उंचीचे जी. आय. जो सैनिक बाजारात आणले. पुढे एमआरएफ आणि हास्ब्रो यांच्या भागीदारीतून १९८७ मध्ये उभ्या राहिलेल्या फनस्कूलने ते भारतात बनवले आणि नव्वदच्या दशकात अनेक मुलांच्या वाढदिवसाला ते घरी आले. मॅटेल या दुसऱ्या अमेरिकी कंपनीचा पिळदार योद्धा ही-मॅनही १९८२ सालचाच. आपल्याकडे तो लिओ या खेळण्यांच्या ब्रँडच्या नावाने मिळत असे. त्या वेळची मुले आता चाळिशीत आहेत आणि माळे आवरताना ट्रंका उघडत आहेत. स्थळसंकोचामुळे पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : ट्रंकेत जपून ठेवलेले माझे जी. आय. जो सैनिक बाहेर काढले, तर त्यांतल्या बहुतेकांचे पाय कमरेपासून गळून पडले. प्लास्टिक कुठेही मोडलेले दिसत नाही. आत थोडा काळा चुरा मात्र आहे. हे पुन्हा जोडता येतील काय? (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : जोडता येतील, आणि तेही गोंदाचा थेंब न वापरता. या आकृतीच्या धडाची पुढची व मागची अशी दोन शकले असतात आणि ती पाठीवरच्या एका स्क्रूने एकत्र धरलेली असतात. डोके व दोन्ही हात त्या शकलांच्या मध्ये नुसते अडकवलेले असतात. दोन्ही पाय धातूच्या एका आकड्याला जोडलेले असून, तो आकडा आणि छातीतली स्क्रूची नळी यांच्यामध्ये एक ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, ताणलेली असते. सैनिकाचे बसणे, वाकणे, कमरेत वळणे हे सारे त्या रिंगच्या ताणावर चालते. उष्णता आणि हवेतला ओझोन यांमुळे रबर हळूहळू कडक होते, त्याला भेगा पडतात आणि शेवटी ते तुटते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या सैनिकांचेही हेच होते. आपल्याकडे पत्र्याखालच्या माळ्यावर दरवर्षी मे महिना काढणाऱ्या रबराचे ते जरा लवकर होते, इतकेच. आपल्याला दिसलेला काळा चुरा त्याच रिंगचा आहे.

नवी रिंग मिळण्यासाठी खेळण्यांच्या दुकानात जाण्याचे कारण नाही. आतला व्यास सुमारे ११ मिलिमीटर, बाहेरचा सुमारे १६ मिलिमीटर आणि जाडी अडीच मिलिमीटरच्या किंचित आत, अशी नायट्रिल रबराची ओ-रिंग ऑइल सील व बेअरिंग विकणाऱ्या किंवा नळसामानाच्या दुकानात मागावी. इंचांत सांगायचे तर आतून ७/१६, बाहेरून ५/८ आणि जाडी ३/३२. इतवारीत लोहाओळीच्या बाजूला जाणे होणार असेल, तर एक सुटा पाय व धड खिशात टाकून न्यावे आणि रिंग तिथल्या तिथे आकड्याला लावून पाहावी. दुकानदार चकित होईल, पण माप चुकणार नाही.

बसवताना क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम रिंग पायांच्या आकड्यात अडकवावी. मग तिच्या वरच्या टोकात दोरा ओवून ती कमरेच्या तुकड्यातून वर ओढावी आणि मागच्या शकलातील स्क्रूच्या नळीवर चढवावी. त्यानंतर डोके व हात आपापल्या खोबणीत ठेवून पुढचे शकल बसवावे आणि स्क्रू पिळावा. दोरा शेवटी ओढून काढता येतो. स्क्रू पूर्ण आवळण्याच्या आधी हात फिरवून पाहावेत. ते नीट बसलेले नसतील तर शकलांमध्ये फट राहते आणि ती फट जोर लावून मिटवण्याच्या प्रयत्नात प्लास्टिकची नळी उभी चिरते. ही चीर भरून काढणे फार किचकट काम आहे. त्यासाठी स्क्रू हाताला अडला की थांबावे.

रिंग अधिक जाड घेतली तर सैनिक ताठ उभा राहील, असा सल्ला काही जण देतात. तो मानू नये. दोन पायांच्या मधला कमरेचा तुकडा हा या आकृतीतला सर्वांत नाजूक भाग असून, जाड रिंगच्या ताणाने तो हमखास तुटतो. किंचित सैल सैनिक परवडतो.

गंजलेल्या स्क्रूसाठी डोक्याच्या खाचेत चपखल बसणारा लहान फुलीचा पेचकस वापरावा. घड्याळजींकडचा बारीक पेचकस खाच खाऊन टाकतो. सुईच्या टोकावर मावेल एवढेच शिलाई मशीनचे तेल स्क्रूच्या कडेला सोडून रात्रभर ठेवावे. तरीही स्क्रू सुटला नाही, तर तापवलेल्या सोल्डरिंगच्या टोकाने स्क्रूचे डोके दोन-तीन सेकंद शेकावे आणि लगेच फिरवावे. धातू तापला की भोवतालच्या प्लास्टिकची पकड ढिली होते. टोक प्लास्टिकला लागू देऊ नये.

प्रश्न : ही-मॅनचेही पाय ढिले झाले आहेत, पण त्याच्या पाठीवर स्क्रू नाही. (एक वाचक, सदर)

उत्तर : ही-मॅनचे धड कारखान्यातच कायमचे जोडलेले असते आणि त्याचे पाय आतल्या रबरी दुव्याने एकमेकांना धरून असतात. धड उकलण्याच्या भरीस पडू नये. पाय काढून घेतल्यावर जी भोके दिसतात, त्यांतूनच बारीक तारेच्या आकड्याने नवे गोल इलॅस्टिक या बाजूने त्या बाजूला ओढून घेता येते. शिवणसामानाच्या दुकानात मिळणारे दोन मिलिमीटरचे इलॅस्टिक पुरते. दोन माणसे असली तर हे काम सोपे जाते, कारण एकाने ताणून धरायचे आणि दुसऱ्याने अडकवायचे असते.

प्रश्न : मुलाच्या जुन्या ही-मॅनची कुऱ्हाड दांड्यात तुटली आहे आणि एका सैनिकाचा अंगठा गेला आहे. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने दोन्ही जोडून पाहिले. कुऱ्हाड दुसऱ्या दिवशी सुटली; अंगठा राहिला, पण भोवती पांढरट डाग पडला. याहून चांगला गोंद कोणता? (एक वाचिका, प्रतापनगर)

उत्तर : गोंद विचारण्याआधी प्लास्टिक कोणते ते विचारावे लागते. एकाच खेळण्यात तीन-तीन जातींचे प्लास्टिक असते आणि एकाला धरणारा गोंद दुसऱ्यावर सालपटासारखा निघून येतो. सुदैवाने ही ओळख स्वयंपाकघरात पटवता येते.

एका वाटीत साधे पाणी घेऊन त्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाकावा, म्हणजे तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटून राहणार नाहीत. दुसऱ्या वाटीत पाव लिटर पाण्यात साधारण ९० ग्रॅम मीठ, म्हणजे जेवढे विरघळेल तेवढे, ढवळावे. तुटलेला भरीव तुकडा साध्या पाण्यावर तरंगला, तर तो पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन आहे. साध्या पाण्यात बुडून मिठाच्या पाण्यावर तरंगला, तर तो बहुधा एबीएस किंवा पॉलिस्टायरीन आहे. सैनिकांची धडे व हातपाय सहसा या गटात येतात. दोन्हींत बुडाला आणि नखाने दाबल्यावर किंचित दबला, तर तो मऊ पीव्हीसी असण्याची शक्यता अधिक. पोकळ तुकड्यांवर ही परीक्षा चालत नाही, कारण आतली हवा खोटी साक्ष देते.

आपली कुऱ्हाड साध्या पाण्यावर तरंगेल, असा आमचा अंदाज आहे. तिचा स्पर्श मेणचट असेल तर ती खूणही तीच सांगते. या जातीच्या पृष्ठभागावर कोणताही नेहमीचा गोंद पकड घेत नाही. झटपट गोंद नाही, एपॉक्सी नाही, बुटांचा सोल्यूशनही नाही. पॉलिप्रॉपिलीनसाठी आधी लावायचे वेगळे द्रव आणि मग गोंद अशी जोडी बाजारात मिळते, परंतु दांड्यासारख्या बारीक भागाला केवळ तिच्या भरवशावर सोडू नये. इथे तारेचा कणा घालावा लागतो. तुटलेल्या दोन्ही तोंडांच्या मधोमध हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने एक मिलिमीटरहून कमी व्यासाचे, पाच-सहा मिलिमीटर खोल भोक पाडावे. एका बाजूच्या भोकात रंगाचा ठिपका देऊन दुसरी बाजू टेकवली, की समोरच्या भोकाची जागा अचूक उमटते. कागद अडकवण्याच्या स्टीलच्या क्लिपचा सरळ केलेला तुकडा चिमट्यात धरून मेणबत्तीवर किंचित गरम करावा आणि भोकात दाबावा. प्लास्टिक वितळून तारेला धरते, आणि थंड झाल्यावर तो सांधा मूळ दांड्याहूनही भक्कम ठरतो.

अंगठ्याचे प्रकरण वेगळे आहे. एबीएससाठी झटपट गोंद चालतो, पण तो ठिसूळ असल्याने अंगठ्याला बंदूक पकडताना बसणारा ताण त्याला सोसत नाही. पांढरा डाग हा त्या गोंदाच्या वाफेचा थर आहे. गोंद जास्त झाला, हवा बंद होती किंवा दमट होती की तो पडतो. थोड्या ओल्या फडक्याने व बारीक पॉलिश पेपरने तो बराचसा जातो. एबीएस खऱ्या अर्थाने जोडायचे तर ते विरघळवून जोडावे. त्याच रंगाच्या एखाद्या निकामी एबीएस तुकड्याचे छिलके काचेच्या लहान बाटलीत थोड्या शुद्ध ॲसिटोनमध्ये टाकून ठेवल्यास काही तासांत दाट खळ तयार होते. काडीच्या टोकाने ती दोन्ही तोंडांना लावून मिनिटभर दाबून धरावे आणि दिवसभर हात लावू नये. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये तेल व सुवास मिसळलेले असतात, म्हणून ते इथे नको. ॲसिटोन ज्वालाग्राही असल्याने हे काम गॅसची शेगडी वा देवापुढची निरांजने यांपासून दूर, खिडकीपाशी करावे. आणि ते चुकून चेहऱ्यावर सांडले, तर सैनिकाचे नाकडोळे कायमचे पुसले जातील, हे लक्षात असू द्यावे.

अंगठा हरवलाच असेल तर तळव्याच्या कडेला केसाएवढे भोक पाडून बारीक तार रोवावी आणि तिच्यावर एपॉक्सी पुटीने अंगठा घडवावा. नळाची गळती बंद करण्यासाठी मिळणारी राखी एम-सील या कामाला पुरते. ती तासाभरात आकार धरते, पण पुरती कठीण होण्यास एक दिवस द्यावा. बोट पाण्यात बुडवून पुटी दाबली की ती बोटाला चिकटत नाही. तार नसलेला पुटीचा अंगठा शोभेपुरता असतो.

अंगठे मुळात तुटतात ते जाड मुठीची बंदूक जोराने कोंबल्यामुळे. हात अर्धा मिनिट गरम पाण्यात धरून मग शस्त्र सरकवावे, आणि नागपूरच्या जानेवारीतल्या पहाटे तर हा प्रयोग करूच नये. थंड प्लास्टिक अधिक ठिसूळ असते.

प्रश्न : काही मऊ रबरी आकृत्या इतक्या चिकट झाल्या आहेत की त्यांना धूळ व केस चिकटतात. पावडर लावावी काय? (एक वाचिका, महाल)

उत्तर : पावडरीने चिखल होतो. मऊ पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेले तेलकट द्रव्य वर्षांनुवर्षे हळूहळू पृष्ठभागावर येत राहते. चिकटपणा त्याचा आहे. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ टूथब्रश यांनी धुऊन सावलीत वाळवावे. काही महिन्यांनी पुन्हा धुवावे लागेल. ॲसिटोन व थिनर अजिबात नको. या आकृत्या कठीण प्लास्टिकच्या खेळण्यांना टेकवून ठेवू नयेत, कारण तेच द्रव्य एबीएसमध्ये शिरून तिथे वितळल्यासारखा खड्डा पाडते. कंपासपेटीत खोडरबर व प्लास्टिकची पट्टी एकत्र ठेवणाऱ्या प्रत्येकाने हा प्रकार पाहिलेला आहे. प्रत्येक आकृती वेगळ्या कागदात गुंडाळावी आणि त्यावर रबरबँड लावण्याचा मोह टाळावा.

प्रश्न : पांढऱ्या पोशाखाचा एक सैनिक पिवळा पडला आहे. केसांना लावायचे पेरॉक्साइड चोपडून उन्हात ठेवल्यास पूर्ववत होतो, असे वाचले. नागपूरचे ऊन तर यासाठी उत्तमच ठरावे? (एक वाचक, मानेवाडा)

उत्तर : नागपूरच्या उन्हातला प्रकाश उपयोगी आहे, त्यातली उष्णता नाही. एबीएसमधला रबरासारखा घटक अतिनील किरणांनी व हवेतल्या ऑक्सिजनने बिघडतो आणि पृष्ठभाग पिवळा पडतो. हायड्रोजन पेरॉक्साइड प्रकाशात त्या पिवळ्या रंगद्रव्याला फिके करते, हे खरे आहे. परंतु मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा गच्चीवरच्या बंद बरणीतले द्रव याहून किती तरी अधिक तापते, आणि पातळ हातपाय वाकडे होतात. हे काम डिसेंबर-जानेवारीतल्या स्वच्छ उन्हात करावे.

सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानातल्या मलमावर '२० व्हॉल्यूम' लिहिलेले असते, त्यात सुमारे ६ टक्के पेरॉक्साइड असते. '४० व्हॉल्यूम' म्हणजे १२ टक्के. मलम एकसारखे बसत नाही आणि जिथे ते वाळते तिथे संगमरवरासारख्या रेघा उमटतात. म्हणून केमिस्टकडचे ६ टक्क्यांचे पातळ द्रव घेऊन त्यात आकृती पूर्ण बुडवावी. त्याआधी ती पूर्ण उकलावी. स्क्रू व धातूचा आकडा द्रवात गेल्यास गंज चढतो. रंगवलेले व स्टिकर असलेले भाग बाहेरच ठेवावेत, चंदेरी मुलामा असलेले तर नक्कीच. बरणीचे झाकण सैल असावे, कारण आत वायू तयार होतो. रबरी हातमोजे व चष्मा घालावा, तासातासाला तुकडे फिरवावेत आणि मनाजोगता रंग येण्याच्या थोडे आधीच काढून धुवावे.

एवढे करूनही पिवळेपणा काही वर्षांनी परत येतो, कारण प्लास्टिकची झीज थांबलेली नसते. आमचे मत विचाराल तर, फिकट हस्तिदंती झालेला सैनिक तसाच ठेवावा. एक हात पांढरा व एक पिवळा असा बेढब फरक असेल तरच हा खटाटोप करावा.

प्रश्न : माझ्याकडे निरनिराळ्या जी. आय. जो सैनिकांचे सुटे हात, पाय व धडे आहेत. एकही सैनिक पूर्ण होत नाही. त्यांतून शिवकालीन मावळा घडवावा असा विचार आहे. रंग कोणते वापरावेत आणि सांधे हलते राहतील काय? (महाविद्यालयीन विद्यार्थी, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल दरवर्षी नव्याने रंगवून सजवणाऱ्या शहराला खेळणे आपल्या हाताने बदलण्याचे नवल वाटू नये. आपला विचार आम्हांला फार आवडला, विशेषतः त्यासाठी आपण पूर्ण सैनिक मोडत नाही म्हणून. धडधाकट जुनी आकृती कापून नवी करणाऱ्यांना आम्ही सहसा परावृत्त करतो.

आधी तुकड्यांचा मेळ पाहावा. १९८५ पासूनच्या सैनिकांची मान गोळ्यावर फिरते, त्यामुळे डोके वर-खालीही होते. त्याआधीच्या रचनेत ते केवळ डावी-उजवीकडे वळते. या दोन प्रकारांची डोकी व धडे एकमेकांत बसत नाहीत. धडाची दोन शकले व कमर एकाच सैनिकाची असावीत. हात व पाय यांची अदलाबदल मात्र बहुधा निभते.

या आकृत्यांचे प्रमाण ढोबळमानाने १:१८ आहे. म्हणजे हातभर ढाल, समजा ४५ सेंटिमीटरची, अडीच सेंटिमीटर होते आणि ९० सेंटिमीटरची तलवार पाच सेंटिमीटर. अडीच सेंटिमीटरचे चार भोकांचे कोटाचे काळे बटण घ्यावे. मागून किंचित तापवून ते उलट्या चमच्यावर दाबले, तर फुगीर होते. मग चारही भोकांवर पुटीचा मोहरीएवढा गोळा बसवून पितळी रंगाचा ठिपका दिला, की ढालीवरच्या चार फुल्या तयार होतात. काही बटणे तापवल्यावर वाकण्याऐवजी करपतात, म्हणून आधी एक जादा बटण वापरून पाहावे. तलवारीसाठी वास्तुशास्त्राचे विद्यार्थी मॉडेलला वापरतात ती एक मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची शीट कापून घासावी आणि मूठ सैनिकाच्या पंजात सहज सरकेल इतकी बारीक ठेवावी.

पागोटे पुटीचे करावे. आधी डोक्यावर मूळ टोपीचे उंचवटे घासून सपाट करावेत. पुटीच्या शेवयांसारख्या वळ्या करून त्या तिरक्या गुंडाळाव्यात आणि टाचणीने पिळांच्या रेघा पाडाव्यात. अंगरख्याचा घेर मात्र पुटीचा नको. मावळ्याला बसता येणार नाही. जुन्या मलमलीचा तुकडा दोन्ही बाजूंनी चिरून, पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भिजवून कमरेला गुंडाळला आणि वाळताना चुण्या पाडल्या, तर पाय मोकळे राहतात. कपड्याच्या घड्या पाहायच्या असतील तर गणेशोत्सवापूर्वी चितार ओळीत एक चक्कर मारावी. तिथले मूर्तिकार धोतराची चुणी कशी काढतात हे पाच मिनिटे उभे राहून पाहिले, तरी पुष्कळ कळते.

रंग पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिकच घ्यावेत. ऑइल पेंट किंवा इनॅमल मऊ पीव्हीसीवर महिनोन्महिने वाळत नाही, कारण आतून येणारे तेलकट द्रव्य त्याला वाळू देत नाही. आकृती साबणाने धुवावी, वाळल्यावर बोटे न लावता बारीक पेपरने हलकी घासावी आणि प्रायमरचा पातळ थर द्यावा. फवारणीचा प्रायमर वापरणार असाल तर आधी तळपायावर फवारून एक दिवस थांबावे. रंगाचा एक जाड थर देण्यापेक्षा तीन पातळ थर द्यावेत. जाड थरात चेहऱ्याची ठेवण बुजते.

सांध्यांच्या बाबतीत बहुतेकांचे काम फसते. खांदा व कोपर यांत जेमतेम कागद जाईल एवढी फट असते आणि रंगाचे थर ती भरून टाकतात. हात पहिल्यांदा फिरवला की रंग सोलून निघतो. जिथे प्लास्टिक प्लास्टिकवर घासते ते भाग रंगवण्याआधी किंचित घासून बारीक करावेत, किंवा ते ज्या रंगाचे हवेत त्याच रंगाचे सुटे तुकडे निवडावेत. दुसरा उपाय अधिक चांगला. उलट, हात सैल पडत असेल तर सांध्यात पारदर्शक ॲक्रिलिक वार्निशचा थेंब सोडून तो वाळेपर्यंत हात अधूनमधून फिरवत राहावे. यासाठी नेलपॉलिश सुचवले जाते, पण त्यातले द्रावक एबीएसला खाते.

शेवटचा मॅट वार्निशचा थर कधी द्यावा, हे नागपुरात ऋतूवर ठरते. मे महिन्याच्या कोरड्या झळांत फवारा आकृतीपर्यंत पोहोचण्याआधीच हवेत वाळतो आणि पृष्ठभाग रव्यासारखा खरखरीत होतो. जुलै-ऑगस्टमध्ये दमटपणामुळे त्यावर दुधाळ पांढरट झाक येते. कूलर चालू असलेल्या खोलीत उन्हाळ्यातही तीच झाक येते आणि वर खसाचा कचरा चिकटतो तो वेगळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. एरवी ब्रशने लावावे.

प्रश्न : हरवलेल्या बंदुका व पाठीवरच्या पिशव्या साचा काढून नव्या करता येतात काय? (एक वाचक, जरीपटका)

उत्तर : मित्राकडची मूळ वस्तू दोन दिवस उसनी मिळाली तर येतात. सिलिकॉन रबराचा दोन भागांचा साचा करून त्यात पॉलियुरेथेन रेझिन ओतावे. मूळ वस्तू मातीत अर्धी रुतवून वरचा अर्धा साचा प्रथम ओततात. तो घट्ट झाला की माती काढून, कडेला व्हॅसलिनचा हलका हात देऊन दुसरा अर्धा ओततात. व्हॅसलिन विसरले तर दोन्ही भाग एकजीव होतात आणि मूळ बंदूक आत अडकते. प्लॅटिनम जातीचे सिलिकॉन वापरल्यास माती गंधकविरहित असावी, नाही तर सिलिकॉन चिकटच राहते. रेझिनचे दोन घटक मिसळल्यावर हातात काही मिनिटेच असतात, आणि पावसाळ्यात हवेतला ओलावा शिरून त्याला फेस येतो. नळीसारखा बारीक भाग असेल तर ओतण्याआधी साच्यात तार ठेवावी. रेझिन कठीण असल्याने तयार बंदुकीची मूठ हमखास घासून बारीक करावी. अंगठ्याविषयी वर लिहिलेच आहे.

नक्कल केलेल्या प्रत्येक वस्तूवर आतल्या बाजूला न पुसणारी खूण कोरून ठेवावी. आज आपण जाणतो ती नक्कल आहे; दहा वर्षांनी ती विकत घेणाऱ्याला ते कळावे.

प्रश्न : मी अशी खेळणी दुरुस्त करून विकू लागलो आहे. आयएसआय चिन्ह लागते काय? रंगवल्याने किंमत वाढते की घटते? (एक वाचक, हिंगणा)

उत्तर : १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या आदेशानुसार १४ वर्षांखालील मुलांनी खेळावयाची खेळणी आयएसआय चिन्हाशिवाय बनवता व विकता येत नाहीत. आपण नवी आकृती घडवून ती मुलांचे खेळणे म्हणून विकणार असाल, तर भारतीय मानक ब्यूरोच्या नागपूर कार्यालयात आधी चौकशी करावी. संग्राहकांना जुनी वस्तू विकताना तिचे वर्णन प्रामाणिक असावे : कोणता भाग मूळ, कोणता बदललेला, रंग कुठे लावला. बदललेली ओ-रिंग कोणी दोष मानत नाही. नव्याने रंगवलेला चेहरा मात्र बहुतेक संग्राहक दोषच मानतात, तो कितीही सुबक असो. झिजलेल्या भुवया तशाच ठेवून विकणे अधिक फायद्याचे ठरते.

प्रश्न : दुरुस्त केलेले सैनिक पाच वर्षांच्या नातवाला खेळायला द्यावेत काय? (एक आजोबा, कामठी)

उत्तर : देऊ नयेत. जुन्या रंगांत शिसे वा कॅडमियम असण्याची शक्यता नाकारता येत नाही आणि लहान मुले वस्तू तोंडात घालतात. बंदुका व हेल्मेट तर गिळण्याजोगेच असतात. याच कारणाने रंग घासताना आपणही मास्क लावावा आणि पेपर ओला करून घासावे, म्हणजे भुकटी उडत नाही. त्यातूनही नातवाचा हट्ट असेल, तर स्क्रू काढून ओ-रिंग बसवण्याचे काम त्याला शेजारी बसवून दाखवावे, दोरा ओढायला द्यावा आणि नंतर दोघांनी हात साबणाने धुवावेत.